एक इन्व्हॉइस, चार दप्तरं : देशाबाहेर धंदा करू पाहणाऱ्या खान्देशी कंपन्यांसाठी हिशेब आणि कराची वाट

रावेरचा व्यापारी बऱ्हाणपूरच्या बाजाराचा भाव फोनवर विचारतो आणि त्या एका शब्दावर ट्रक भरून निघतो. पैसे आठवड्याने येतात, कधी महिन्याने. लिखापढी होते ती एका चिठ्ठीपुरती, आणि पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार नीट चालत आलाय. तोच माल न्हावा शेवाहून दुबईला निघाला की शब्दाची किंमत कमी होत नाही, पण तो शब्द चार सरकारी दप्तरांत लिहून द्यावा लागतो: कस्टम, बँक, जीएसटी आणि आयकर. चारही ठिकाणी एकच इन्व्हॉइस वाचला जातो. प्रत्येक ठिकाणी तारीख वेगळी बघतात, डॉलरचा दरही सगळीकडे एक धरत नाहीत, आणि आता ही दप्तरं संगणकाने एकमेकांना जोडलेली आहेत.

जळगाव-धुळ्यात निर्यातदारांची खाती लिहिताना मी पाहिलंय, नवा माणूस भावात फारसा फसत नाही. त्याचं नुकसान होतं ते या चार दप्तरांचा मेळ न बसल्यामुळे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच अंगाने लिहिल्या आहेत.

पायरी १ : कंटेनर बुक करण्याआधीच्या नोंदी

पहिली नोंद आयात-निर्यात कोडची, म्हणजे आयईसीची. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत होते, पॅनवर आधारित असते. बहुतेकांना माहीत नसतं ते पुढचं: दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती पोर्टलवर पुन्हा पक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरी. फी नाही, पण राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो आणि ते कळतं माल बंदरावर उभा असताना.

दुसरी नोंद एडी कोडची, म्हणजे परकीय चलनाचं काम करणाऱ्या अधिकृत बँकेच्या कोडची. ज्या बँकेत डॉलर येणार तिच्याकडून हे पत्र घ्यायचं आणि ज्या बंदरातून माल जाणार तिथे कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचं. खातं असलेल्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नसेल तर ते बँकेच्या कोणत्या शाखेतून होतं हे आधी विचारून ठेवा.

तिसरी जीएसटी नोंदणी. ताजी केळी जीएसटीतून मुक्त आहेत, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणून पुष्कळ केळी निर्यातदार नोंदणी घेतच नाहीत. पुठ्ठ्याचे बॉक्स, पॅकिंगचा फोम, पॅकहाऊसची यंत्रं या सगळ्यांवर त्यांनी कर भरलेला असतो आणि तो कायमचा जातो. आयजीएसटी म्हणजे राज्याबाहेरच्या आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी; त्याच्या कायद्याचं कलम १६ सांगतं की माल करमुक्त असला तरी तो निर्यात झाल्यास त्यामागच्या खरेदीवरचा कर परत मिळू शकतो. नोंदणी नसेल तर मागणार कसा? माझं मत स्पष्ट आहे: कंटेनर नियमित जाणार असतील तर नोंदणी घ्याच.

पायरी २ : इन्व्हॉइसचा नंबर ठरवणं

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मी पाहिलेले सर्वांत जास्त अडकलेले पैसे इथलेच.

यावल तालुक्यातले एक भाऊ केळीचे वेफर्स पाठवायचे. इन्व्हॉइसचा नंबर त्यांच्या चोपडीत एका तऱ्हेने, सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाने, शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या कस्टम अर्जात, टाकला तो मधली रेघ गाळून, आणि आमच्या टेबलावरच्या मुलाने जीएसटी विवरणपत्रात शून्य वाढवून. माणसाला तिन्ही एकच दिसतात. संगणकाला ते तीन वेगळे व्यवहार दिसले, 'एसबी ००५' हा दोष पडला आणि भरलेल्या आयजीएसटीचा परतावा कित्येक महिने आला नाही. वेफर्स कधीच खाऊन संपले होते. त्यातली एक चूक आमचीच होती, म्हणून हे आजही आवर्जून सांगतो.

तेव्हा नियम असा करा. निर्यातीसाठी वेगळी मालिका ठेवा, नंबर सोळा अक्षरांच्या आत, शक्यतो खुणा न वापरता. एकच इन्व्हॉइस कस्टमसाठी आणि जीएसटीसाठी. सीएचएला इन्व्हॉइस फोनवर सांगू नका, फाईलच पाठवा, आणि शिपिंग बिलाची तपासणी-प्रत हातात घेऊन नंबर, तारीख, रक्कम, पोर्ट कोड एकेक बोट ठेवून वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

किंमत कुठपर्यंतची तेही इन्व्हॉइसवर लिहा. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची. सीआयएफ म्हणजे त्यात जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला. शिपिंग बिलात एफओबी किंमत वेगळी दिसते. तुमचा इन्व्हॉइस सीआयएफचा असेल तर दोन आकड्यांत फरक पडणारच, आणि जीएसटी परतावा काढताना दोहोंपैकी कमी असलेला आकडा धरतात. फरकाचा कागद, म्हणजे भाड्याचं आणि विम्याचं बिल, त्याच फाईलला टाचून ठेवा.

पायरी ३ : जीएसटी, भरायचा की हमी द्यायची

निर्यातीवर कर शून्य. पण शून्यापर्यंत जायच्या वाटा दोन. एक, आयजीएसटी भरून माल पाठवायचा आणि नंतर परत घ्यायचा. इथे शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. दुसरी, दर आर्थिक वर्षासाठी आरएफडी-११ या फॉर्मवर हमीपत्र, म्हणजे एलयूटी, द्यायचं आणि कर न भरताच पाठवायचं. मग खरेदीवरच्या कराचा परतावा आरएफडी-०१ भरून मागायचा.

जळगावचे पाइपवाले, चटईवाले यांना मी सहसा एलयूटी सुचवतो, कारण भांडवल अडकत नाही. मात्र ३१ मार्चला जुनं हमीपत्र संपतं हे विसरू नका. इन्व्हॉइसच्या तारखेपासून ३ महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. सेवा असेल तर वर्षात पैसे आले पाहिजेत. नाही तर कर १८ टक्के व्याजासह भरावा लागतो. फक्त केळीसारखा करमुक्त माल पाठवणाऱ्याला एलयूटीची गरज नाही, असं २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. परतावा मागण्याची मुदत दोन वर्षांची.

दोन बारकावे. निर्यातीची रक्कम जीएसटीआर-३बी मध्ये शून्य-दराच्या रकान्यात, म्हणजे ३.१ (ब) मध्येच गेली पाहिजे. चुकून वरच्या ओळीत गेली की परतावा थांबतो. आणि निम्मी केळी दुबईला, निम्मी दिल्लीला जात असतील तर बॉक्सवरचा सगळा कर परत मिळत नाही. देशात करमुक्त विकलेल्या मालाच्या वाट्याचा कर सोडावा लागतो. निर्यातीचे बॉक्स वेगळ्या खात्यात खरेदी केले तर ही वाटणी भांडणाविना होते.

पायरी ४ : एका डॉलरचे चार दर

नव्या हिशेबनिसाला घाम फुटतो तो इथे. सोयीचे आकडे घेऊन एकदा सगळं चालवून बघू.

समजा २०,००० डॉलरचा इन्व्हॉइस मार्चमध्ये झाला. त्या दिवशी बाजारात डॉलर ८५ रुपये, तर वहीत विक्री १७,००,००० ची आणि तेवढीच येणी. पण कस्टमचा दर वेगळा असतो, तो वेळोवेळी आइसगेटवर जाहीर होतो. तो त्या दिवशी ८४.५० होता. मालाच्या निर्यातीसाठी जीएसटीतही कस्टमचाच दर धरायचा असतो, म्हणून विवरणपत्रात आकडा गेला १६,९०,००० चा. दहा हजारांचा हा फरक चूक नाही, पण तो का आहे याचा तक्ता वर्षअखेरीस नसेल तर नोटीस आल्यावर उत्तर शोधत बसावं लागतं.

३१ मार्चला पैसे आलेले नाहीत आणि डॉलर ८६ झालाय. लेखा मानक ११ सांगतं की येणी-देणी, बँकशिल्लक यांसारख्या पैशाच्या रकमा वर्षअखेरच्या दराने पुन्हा मांडायच्या. येणी १७,२०,००० ची झाली आणि २०,००० चा नफा त्याच वर्षाच्या नफा-तोट्यात गेला, पैसा हातात नसतानाही. विक्रीचा आकडा मात्र हलवायचा नाही. अनेकजण विक्रीच वाढवून टाकतात. मग कस्टम, जीएसटी आणि ताळेबंद यांच्यातला धागा तुटतो.

मे महिन्यात पैसे आले. मधल्या बँकेने ३० डॉलर कापले, दर मिळाला ८५.६०. खात्यात जमा १९,९७० गुणिले ८५.६०, म्हणजे १७,०९,४३२. येणी होती १७,२०,०००. फरक १०,५६८ चा, आणि तो एका ओळीत 'वटाव' म्हणून लिहून मोकळं व्हायचं नाही. त्यातले ८,००० चलन-दराचा तोटा आहेत आणि २,५६८ बँकेचा खर्च. ही फोड केली तरच इन्व्हॉइस पूर्ण २०,००० डॉलरला वसूल झालेला दिसतो. नाही तर बँकेच्या दप्तरी ३० डॉलर कायम बाकी राहतात.

मोठ्या कंपन्यांना, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा २५० कोटींवर नक्तमूल्य असलेल्यांना, लेखा मानक ११ ऐवजी इंड एएस २१ हे वेगळं लेखा मानक लागतं. तत्त्व जवळपास तेच.

पायरी ५ : पैसा आल्यावर काम संपत नाही

शिपिंग बिल कस्टममध्ये पास झालं की त्याची नोंद आपोआप रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या यंत्रणेत जाते आणि तुमच्या बँकेच्या नावे उघडी राहते. पैसा आल्यावर बँक तो त्या शिपिंग बिलाला जोडते, मगच ती नोंद मिटते आणि ई-बीआरसी हे वसुलीचं प्रमाणपत्र निघतं. पैसा नुसता खात्यात पडून उपयोग नाही, तो कोणत्या बिलाचा हे तुम्ही बँकेला लेखी सांगायचं असतं. आगाऊ रक्कम आली असेल तर हे अधिकच महत्त्वाचं.

वसुलीची मुदत वर्षानुवर्षे ९ महिने होती. २०२५ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने ती १५ महिने केली. हे नियम अलीकडे भराभर बदलताहेत, म्हणून प्रत्येक नव्या हंगामाच्या सुरुवातीला बँकेकडून चालू मुदत लिहून घ्या. मुदतीत पैसा आला नाही तर फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, प्रश्न तर येतोच, शिवाय मिळालेला जीएसटी परतावाही व्याजासह परत करावा लागतो. दोन दप्तरं इथे एकमेकांना धरून आहेत.

केळीत एक नेहमीची गोष्ट घडते. कंटेनर उघडल्यावर काही बॉक्स पिकलेले निघतात आणि समोरचा फोनवर सांगतो, दोन हजार डॉलर कापतो. आपण हो म्हणतो. तिथे थांबू नका. त्याच्याकडून लेखी तक्रार, फोटो, जमलं तर पाहणी-अहवाल मागवा, क्रेडिट नोट काढा आणि बँकेकडे किंमत कमी करण्याचा अर्ज द्या. तोंडी सोडलेले डॉलर सरकारच्या दप्तरी थकबाकी म्हणून उभे राहतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. इराण, इराककडे आपली केळी जाते आणि पैसा दुबईच्या तिसऱ्याच कंपनीकडून येतो, हे सर्रास चालतं. तिसऱ्याकडून आलेला पैसा नियमात बसू शकतो, पण बँकेच्या अटींवर आणि आधी कळवून. इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत, त्यामुळे माल भरण्यापूर्वी बँकेचं उत्तर लेखी घ्या. आणि कोणी म्हणालं की उरलेली रक्कम इथेच रोख देतो, तर नाही म्हणा. त्या रोखीला बीआरसी नाही, शिपिंग बिल उघडंच राहतं, आणि हवाल्याचा डाग लागतो तो वेगळा.

पायरी ६ : नफ्यावरचा आयकर, एक गैरसमज

निर्यातीचा नफा करमुक्त असतो असं अजूनही गावोगाव ऐकू येतं. ती ८० एचएचसी कलमाची सवलत २००४-०५ पर्यंतच संपली. आज निर्यातीचा नफा हा साधा धंद्याचा नफा.

स्वतःच्या बागेतली केळी स्वतः पाठवली तर ते शेतीचं उत्पन्न. शेजाऱ्याची घेऊन पाठवली तर व्यापार. तांदलवाडीसारख्या गावांतून २०२१ मध्ये जीआय मानांकनाची केळी दुबईला गेली, तेव्हापासून बागायतदारच निर्यातदार होऊ लागलेत आणि एकाच कंटेनरमध्ये दोन्ही माल असतो. पॅकहाऊसला आवक होतानाच घड वेगळे मोजून वेगळ्या पावत्या करा. स्वतःच्या केळीचे वेफर्स केलेत तर वापरलेल्या केळीची बाजारभावाने किंमत शेतीच्या बाजूला जाते, उरलेला नफा धंद्याचा.

कलमांचे क्रमांक पाठ करणाऱ्यांसाठी सूचना: १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा २०२५ लागू आहे. कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदललेत. खाली ओळखीसाठी जुने क्रमांक देतोय, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत.

पायरी ७ : पैसे बाहेर पाठवताना

कच्चा माल आयात करणाऱ्याने, उदाहरणार्थ पाइपसाठी पीव्हीसी रेझिन आणणाऱ्याने, बिल ऑफ एंट्रीवरच्या, म्हणजे आयातीच्या कस्टम अर्जावरच्या, दोन करांची फोड नीट करावी. आयजीएसटीची क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळते, मूळ सीमाशुल्काची मिळत नाही. ते मालाच्या खर्चात जातं.

सेवेचे पैसे पाठवणं जास्त नाजूक. समजा चटईच्या कारखान्यात जर्मनीहून मशीन आलं आणि ते बसवायला तिथली कंपनी इंजिनियर पाठवते. फी १०,००० युरो, करारात लिहिलंय 'सर्व करांव्यतिरिक्त'. ही तांत्रिक सेवेची फी. पैसे पाठवण्याआधी जुन्या कलम १९५ प्रमाणे कर कापावा लागतो. देशातल्या कायद्याने दर २० टक्के, वर अधिभार आणि उपकर. भारत-जर्मनी कर-करारात तो १० टक्के. हा कर-करार वापरायचा तर त्या कंपनीचं तिथल्या सरकारने दिलेलं कर-रहिवासी प्रमाणपत्र आणि १०एफ फॉर्म आधी हातात हवा. आणि त्यांना निव्वळ १०,००० द्यायचे कबूल केल्यामुळे हिशेब उलटा होतो: १०,००० भागिले ०.९, म्हणजे ११,१११ युरो ही तुमची फी आणि १,१११ युरो तुमच्या खिशातून कर. त्या कंपनीशी केलेल्या करारावर सही करताना हा आकडा कोणी मांडलेला नसतो. कापला नाही तर अख्खा खर्च नामंजूर होतो. देशातल्या माणसाच्या बाबतीत ३० टक्केच होतो.

याच फीवर जीएसटीही उलट पद्धतीने, म्हणजे आरसीएमने, तुम्हीच भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायची. बँक पैसे सोडण्याआधी १५सीए हा फॉर्म मागते, आणि करपात्र रक्कम वर्षात ५ लाखांवर गेली तर सीएचं १५सीबी हे प्रमाणपत्र.

तयार सॉफ्टवेअर विकत घेणं वेगळं. २ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वापरण्यापुरती प्रत घेणं म्हणजे रॉयल्टी नव्हे. परदेशातल्या दलालाने परदेशातच काम केलं असेल तर त्याच्या कमिशनवर सहसा इथे कर लागत नाही. पण त्याला आधार देणारी जुनी परिपत्रकं २००९ मध्ये मागे घेतली गेली, म्हणून त्याच्याशी लेखी करार, त्याने काय काम केलं याचे ईमेल आणि सीएचं मत फाईलमध्ये ठेवा.

पायरी ८ : दुबईत आपलीच कंपनी

धंदा रुळला की पुढचा विचार हाच येतो. आपल्याकडे हे नवीन नाही; जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्येच इस्रायलच्या नानदान कंपनीत भागीदारी घेतली होती. पण लहान कंपनीने तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

पैसे नेण्याचा मार्ग. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून ओळख-क्रमांक घ्यायचा, मगच रक्कम पाठवायची. पुढे दरवर्षी १५ जुलैपर्यंत परदेशी देणी-मालमत्तेचं एफएलए विवरण आणि ३१ डिसेंबरपर्यंत तिकडच्या कंपनीचा वार्षिक अहवाल. मित्राच्या नावावर कंपनी काढून आपण चालवणं हा मार्ग नव्हे.

भाव. जळगावची कंपनी दुबईतल्या आपल्याच कंपनीला केळीचा बॉक्स १२ डॉलरला देते आणि तसाच बॉक्स त्याच आठवड्यात परक्याला १४ ला, असं समजा. एका कंटेनरमध्ये १,५४० बॉक्स धरले तर ३,०८० डॉलरचा नफा कागदावर दुबईला सरकला, जिथे ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्याला ९ टक्केच कर आहे. आयकर अधिकारी परक्याचा भाव धरून तो नफा परत इथे आणतो. अशा व्यवहारांसाठी रक्कम कितीही असो, सीएचा ३सीईबी अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावाच लागतो. वर्षाचे व्यवहार १ कोटीवर गेले तर भाव कसा ठरवला याचे सविस्तर कागदही ठेवावे लागतात. ते नसतील तर दंड व्यवहाराच्या २ टक्के, नफ्याच्या नव्हे. त्यामुळे परक्याला दिलेले भाव तारखेनिशी रोजच्या रोज टिपून ठेवा. वर्षाने केळीचा भाव आठवणीतून सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट, कंपनी खरंच कुठून चालते. दुबईत परवाना आणि टेबल, पण सगळे निर्णय जळगावच्या रिंग रोडवरच्या ऑफिसात, तर ती कंपनी भारतातलीच रहिवासी मानली जाऊ शकते आणि तिचा सगळा नफा इथे करपात्र होतो. ५० कोटी किंवा त्याहून कमी उलाढालीच्या कंपन्यांना ही तरतूद लावणार नाही, असं २०१७ च्या परिपत्रकात आहे. धंदा त्या आकड्याजवळ पोचला की संचालकांच्या बैठका कुठे होतात, सह्या कोण करतं याचा विचार सुरू करा.

इथल्या रहिवाशाने परदेशातली स्वतःची मालमत्ता, बँकखातं आणि शेअर धरून, आपल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावी लागते, उत्पन्न शून्य असलं तरी. काळा पैसा कायदा २०१५ मध्ये यासाठी १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. शिवाय हे परिशिष्ट आर्थिक वर्षाचं नसतं, जानेवारी ते डिसेंबरचं असतं. म्हणून दुबईच्या बँकेकडून ३१ डिसेंबरची शिल्लक आणि वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक यांचा दाखला जानेवारीतच मागवा. जुलैमध्ये विवरणपत्र भरायला बसल्यावर तो तिथून यायला दिवस लागतात.